शंका-समाधान : कंटेनर आणि त्यांचा तांडेल

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कंटेनर आणि ऑर्केस्ट्रेशन (अनेक मशीनवरील कंटेनरांची आपोआप व्यवस्था) या एकाच विषयाची आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : मी नाशिकच्या एका कंपनीत पाच वर्षांपासून लिनक्स सर्व्हरची देखभाल करतो. आता कंपनीने डेव्हऑप्सच्या कामाची तयारी करण्यास सांगितले आहे. क्लासवाले थेट कुबरनेटीस या ऑर्केस्ट्रेशनच्या साधनापासून सुरुवात करतात. कंटेनर म्हणजे हलके व्हर्च्युअल मशीन, एवढे समजले तर पुरेल का? सुरुवात नेमकी कोठून करावी?

एवढे समजून पुरणार नाही. किंबहुना ती समजूतच चुकीची आहे आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच निघतात. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो, कंटेनरला तो नसतो. आपण पाच वर्षे ज्या प्रोसेस रोज पाहत आला आहात, त्यांच्यासारखीच एक प्रोसेस म्हणजे कंटेनर. फरक इतकाच, की तिच्या डोळ्यांना झापडे लावलेली असतात आणि तिचे रेशन बांधून दिलेले असते. झापडांचे काम कर्नलमधील नेमस्पेस करतात, म्हणजे प्रोसेसला कोणत्या फाइली, कोणते नेटवर्क आणि कोणत्या इतर प्रोसेस दिसाव्यात हे ठरवतात. रेशनचे काम सीग्रुप करतात, म्हणजे मेमरी आणि सीपीयू किती वापरता येईल याची मर्यादा घालतात. सीग्रुपचे काम गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केले आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर बांधण्या-चालवण्याचे साधन लोकांसमोर आले तेव्हा वेगळे राहण्याची ही सोय नवी नव्हती. नवी होती ती इमेज : ॲप्लिकेशन आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी एका गठ्ठ्यात बांधून, कोठेही नेऊन, तशाच्या तशा उलगडण्याची पद्धत.

पुण्यातल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडे वेगळी, चुली वेगळ्या, पण आड एकच असे. कंटेनरांचा कर्नल हा तसा आड आहे. त्यामुळे कंटेनर चटकन सुरू होतात आणि एका मशीनवर दाटीने मावतात. पण त्याचमुळे कर्नलमधील एखादी गंभीर त्रुटी सगळ्या बिऱ्हाडांना बाधते. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन ग्राहकांचे काम एकाच कर्नलवर ठेवताना म्हणूनच दोनदा विचार करावा लागतो.

वाचण्यापेक्षा एक प्रयोग करून पाहा. एखाद्या लिनक्स मशीनवर डॉकर बसवा आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमधून हजार सेकंद नुसता झोपून राहणारा, म्हणजे ‘स्लीप’ ही आज्ञा चालवणारा, कंटेनर सुरू करा. आत शिरून प्रोसेसची यादी मागितली, की ‘स्लीप’चा क्रमांक १ दिसेल, जणू त्या जगात तिच्याआधी कोणी नव्हतेच. आता दुसऱ्या टर्मिनलवर, मूळ मशीनवर, तीच यादी मागा. तीच ‘स्लीप’ तेथेही सापडेल, मात्र एखाद्या चार-पाच आकडी क्रमांकाने. आतून आणि बाहेरून कर्नलची आवृत्ती विचारली, तर उत्तर एकच येईल.

त्यानंतर ‘डॉकर स्टॉप’ द्या आणि घड्याळाकडे पाहा. कंटेनर थांबायला दहा सेकंद लागतील. डॉकर आधी सिगटर्म हा सिग्नल पाठवून प्रोसेसला आवरते घेण्यास सांगतो. पण आपल्या नेमस्पेसमध्ये क्रमांक १ असलेल्या प्रोसेसने त्या सिग्नलसाठी स्वतः काही तजवीज केलेली नसेल, तर कर्नल तो तिच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. दहा सेकंद वाट पाहून डॉकर सिगकिल देतो आणि विषय संपवतो. हे क्षुल्लक वाटेल, पण नवी आवृत्ती चढवताना दर वेळी काही विनंत्या अर्धवट तुटतात, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचा दोष नेमका येथे असतो. कुबरनेटीसमध्ये ही मुदत मुळात तीस सेकंदांची असते, इतकाच फरक. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधण्याची कृती सांगणाऱ्या फाइलमध्ये, सुरुवातीची आज्ञा साध्या ओळीसारखी लिहिली, तर क्रमांक १ शेलला (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) मिळू शकतो आणि सिग्नल आपल्या ॲप्लिकेशनपर्यंत जातच नाही. ती चौकटी कंसातील यादीच्या रूपात लिहावी.

इमेज, व्हॉल्यूम (डेटा टिकवून ठेवण्याची जागा) आणि नेटवर्क या तीन गोष्टी हाताखालून गेल्या, की डॉकर कंपोजवर दोन-तीन सेवा एकत्र चालवून पाहाव्यात. कुबरनेटीसकडे त्यानंतर वळावे आणि तेही आधी स्वतःच्या लॅपटॉपवर, मिनीक्यूब किंवा काइंड वापरून. क्लाउडवरील क्लस्टर (एकत्र बांधलेल्या मशीनांचा गट) सरावासाठी घेऊ नये. विसरून चालू राहिलेल्या क्लस्टरचे बिल हा फार महागडा गुरू आहे.

ऑर्केस्ट्रेशनची गरज खऱ्या अर्थाने भासते ती मशीन एकाहून अधिक झाल्यावर. कोणता कंटेनर कोठे बसवायचा, एखादे मशीन बंद पडले तर त्यावरील काम कोठे हलवायचे, आणि हलवल्यावर बाकीच्यांना त्याचा नवा पत्ता कसा कळायचा, हे प्रश्न तेव्हा उभे राहतात. गूगलने आपल्या बोर्ग या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवावरून कुबरनेटीस घडवले, २०१४ मध्ये ते खुले केले आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकण किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतील. पण हा तांडेल आज्ञा ऐकत नाही, करार ऐकतो. ‘हा कंटेनर सुरू कर’ असे त्याला सांगायचे नसते. ‘याच्या तीन प्रती असाव्यात’ असे लिहून द्यायचे असते. मग प्रत्यक्षात किती आहेत हे तो सतत पाहत राहतो आणि तफावत दिसली की ती भरून काढतो. सरावाच्या क्लस्टरवर तीन प्रतींची एक डिप्लॉयमेंट (असा करार लिहून देण्याची कुबरनेटीसची पद्धत) करून त्यातील एक पॉड (कुबरनेटीस कंटेनर ज्या एककात चालवते ते) हाताने पुसून टाका : काही क्षणांत वेगळ्या नावाचा नवा पॉड उभा राहिलेला दिसेल. जुना पॉड बरा होऊन परतलेला नसतो, त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. पॉडच्या आयपी पत्त्यावर विसंबू नये आणि मध्ये सर्व्हिस, म्हणजे न बदलणारा पत्ता, ठेवावी, हा नियम याच वागण्यातून येतो. तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

प्रश्न : आमची कोल्हापुरात तीन जणांची छोटी कंपनी आहे. पायथनचे एक ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेस डेटाबेस एकाच भाड्याच्या सर्व्हरवर डॉकर कंपोजने चालतात. कोडची एक ओळ बदलली तरी इमेज बांधायला बारा मिनिटे लागतात आणि इमेज सव्वा जीबीची होते. कुबरनेटीसवर गेल्यास हा त्रास कमी होईल का?

नाही. कुबरनेटीस इमेज बांधत नाही, बांधलेली इमेज चालवते. एका सर्व्हरवर तीन जणांनी क्लस्टर सांभाळणे म्हणजे दाराशी एक बैल आणि त्याला हाकायला चार गडी, असा प्रकार होईल.

आपली डॉकरफाइल पत्रासोबत होती. तिच्यात आधी सगळा कोड आत कॉपी होतो आणि त्यानंतर पिपने लायब्ररी बसतात. डॉकर प्रत्येक पायरीचा एक थर साठवून ठेवतो. पण एखाद्या थरात बदल झाला, की तो आणि त्याच्या पुढचे सगळे थर नव्याने बांधतो. त्यामुळे आपली एक ओळ बदलली तरी सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरवल्या जातात. आधी फक्त लायब्ररींच्या यादीची फाइल कॉपी करावी, मग लायब्ररी बसवाव्यात आणि सर्वांत शेवटी कोड आणावा. यादी बदलली नाही, तर बारा मिनिटांचे काम बहुधा सेकंदांत होईल. इमेजमध्ये काय घेऊ नये हे सांगणारी डॉकरइग्नोर ही फाइलही दिसली नाही. ती नसल्यामुळे गिटचा सगळा इतिहास इमेजमध्ये जात असावा. मूळ इमेज म्हणून पायथनची ‘स्लिम’ आवृत्ती घेतली, तर आकार बराच उतरेल. अल्पाइन त्याहून लहान असते, पण तिच्यात ग्लिबसीऐवजी मसल ही सी-लायब्ररी असते आणि काही पायथन पॅकेजेस तेथे नव्याने कंपाइल करावी लागतात. थोडी जागा वाचवण्यासाठी तो व्याप सुरुवातीला नको.

आपण विचारलेल्या नसलेल्या, पण अधिक तातडीच्या दोन गोष्टी कंपोजच्या फाइलमध्ये दिसल्या. पोस्टग्रेसचा ५४३२ हा पोर्ट आपण बाहेर उघडला आहे, आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलने तो बंद केल्याचे पत्रात म्हटले आहे. डॉकर आपले आयपीटेबल्सचे, म्हणजे कर्नलच्या फायरवॉलचे, नियम स्वतः घालतो आणि अशा रीतीने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जगाला दिसतो. ॲप्लिकेशन त्याच कंपोज नेटवर्कवर असल्याने डेटाबेसला नावाने गाठू शकते. ती पोर्टची ओळच काढून टाका. दुसरे असे, की डॉकरच्या मूळच्या पद्धतीत लॉगच्या फाइलला आकाराची मर्यादा नसते. ती वाढत जाते आणि एखाद्या रविवारी पहाटे डिस्क भरते. कमाल आकार आणि फाइलींची संख्या हे दोन्ही आजच ठरवून द्या.

प्रश्न : कुबरनेटीसमधून डॉकर काढून टाकले असे ऐकतो. मग डॉकर शिकणे वाया जाईल का?

वाया जाणार नाही. कुबरनेटीसच्या १.२४ या आवृत्तीतून, म्हणजे मे २०२२ मध्ये, काढला गेला तो डॉकरशी बोलणारा डॉकरशिम नावाचा मधला दुवा. आता बहुतेक क्लस्टर कंटेनर चालवण्यासाठी कंटेनरडी किंवा सीआरआय-ओ वापरतात, आणि त्यांपैकी कंटेनरडी तर डॉकरच्याच पोटातून वेगळा काढलेला भाग आहे. इमेजचे स्वरूप २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने प्रमाणित केले आहे. त्यामुळे डॉकरने बांधलेली इमेज तेथे तशीच चालते.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या टीमचे जावा ८ वरील ॲप्लिकेशन कुबरनेटीसवर आणल्यापासून पॉड दिवसातून अनेकदा मरतो. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये कोणतीही चूक दिसत नाही. फक्त १३७ हा क्रमांक दिसतो आणि काही वेळाने क्रॅशलूपबॅकऑफ येते. पॉडला एक जीबीची मर्यादा आहे, मशीनवर ६४ जीबी मेमरी आहे.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ हा सिगकिलचा क्रमांक. म्हणजे आपले ॲप्लिकेशन चुकून पडले नाही, त्याला कोणीतरी मारले. पॉडची ‘डिस्क्राइब’ने माहिती काढून शेवटच्या अवस्थेपुढे ‘ओओएमकिल्ड’ आहे का ते पाहावे. असल्यास मारणारा कर्नल आहे आणि कारण मेमरीची मर्यादा ओलांडली हे आहे. सिगकिलला प्रोसेस उत्तर देऊ शकत नाही, म्हणूनच लॉगमध्ये शेवटचा शब्दसुद्धा सापडत नाही. सीपीयूची मर्यादा ओलांडली तर प्रोसेसचा वेग कापला जातो. मेमरीच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही.

आता रेशन आणि झापडांकडे परत या. सीग्रुपने मेमरीवर एक जीबीची मर्यादा घातली, पण मशीनची एकूण मेमरी सांगणारी फाइल कंटेनरमध्येही पूर्ण ६४ जीबीच दाखवते. जावा ८ चे जुने अपडेट ती वाचते आणि हीपची (जावाच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीची) कमाल मर्यादा तिच्या चौथ्या हिश्श्याची, म्हणजे १६ जीबीची, धरते. ताटात एकच भाकरी आणि हिशेब सोळा भाकऱ्यांचा! अपडेट १९१ पासून (मशीनवर सीग्रुपची दुसरी आवृत्ती असल्यास अपडेट ३७२ पासून) जावा ८ ला कंटेनरची मर्यादा कळते, म्हणून आधी आवृत्ती तपासावी. अद्ययावत केल्यावर मात्र हीप आपोआप मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यावर येते आणि ती बहुधा अपुरी पडते. मॅक्सरॅमपर्सेंटेज हा पर्याय वापरून ती सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवावी. शंभर टक्के देऊ नये, कारण थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस आणि बफर हे हीपबाहेरही जागा घेतात.

क्रॅशलूपबॅकऑफ हा आजार नाही, ती वाट पाहण्याची अवस्था आहे. पुन्हा सुरू करण्याआधी कुबरनेटीस १० सेकंद थांबते, मग २०, मग ४०, असे करत पाच मिनिटांपर्यंत जाते. त्या काळात पॉड वारंवार पुसून टाकू नये. मेलेल्या कंटेनरचा लॉग ‘प्रीव्हियस’ हा पर्याय देऊन आधी वाचून घ्यावा, कारण पॉड पुसला की तोही हातचा जातो.

‘डिस्क्राइब’मध्ये ओओएमकिल्ड दिसले नाही, तर मात्र लाइव्हनेस प्रोबकडे (ॲप्लिकेशन जिवंत आहे का, हे वारंवार विचारणाऱ्या तपासणीकडे) पाहावे, ती नापास झाल्यावर ॲप्लिकेशन मुदतीत थांबले नाही, तरी शेवटी १३७ च दिसतो. मी पूर्वी ज्या टीममध्ये होतो तेथे लाइव्हनेस प्रोब डेटाबेसला एक क्वेरी पाठवून उत्तराची वाट पाहत असे. एके दिवशी डेटाबेस मंदावला, प्रोब नापास झाली आणि कुबरनेटीसने एकामागून एक सगळे पॉड पुन्हा सुरू केले. नव्याने आलेले सगळे पॉड एकदम डेटाबेसवर तुटून पडल्याने तो आणखी मंदावला. ही तपासणी लिहिली होती मीच, आणि ती सापडायला आम्हाला जवळजवळ दीड तास लागला. डेटाबेस पोहोचण्याजोगा आहे का, हे रेडीनेस प्रोबने पाहावे. ती नापास झाली तर पॉडकडे येणाऱ्या विनंत्या थांबतात, पॉड मारला जात नाही. लाइव्हनेसने फक्त आपली स्वतःची प्रोसेस गोठली आहे का, एवढेच विचारावे.