खानापूरच्या रानातले आदिवासी नेमके कोण?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले आदिवासी कोण आणि त्यांचे वनहक्काचे, म्हणजे रानातल्या जमिनीवरचे आणि चराईवरचे, दावे का अडतात, असं तुम्ही विचारलंय. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस आणि सरकारी यादीतला अनुसूचित जमातीचा माणूस, हे इथं बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. दावे अडतात त्याचं मूळ इथंच आहे.

जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की सह्याद्रीचा माथा लागतो. मलप्रभा कणकुंबीत उगम पावून पूर्वेला जाते, म्हादई देगावकडे उगम पावून पश्चिमेला गोव्यात उतरते. गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, तळेवाडी ही गावं भीमगड अभयारण्यात येतात. अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, म्हणजे गावं आधीची. पावसाळ्यात साकव बुडाला की आजाऱ्याला डोलीतूनच बाहेर काढावं लागतं.

इथली बहुतेक शेती मराठा-कुणब्यांची, भात आणि नाचणीची. घाटापलीकडच्या गोव्यात कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, इकडे नाहीत. दक्षिणेला, शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळच्या अंगाला, सिद्दी आहेत. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणलेले. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना मात्र २०२० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. एकाच समाजाला जिल्ह्याची हद्द आडवी आली.

तिसरे गवळी धनगर. धनगर म्हटलं की मेंढरं डोळ्यांपुढे येतात, पण यांच्याकडे म्हशी. बोली मराठी, वस्ती गावापासून तुटक, तिला गवळीवाडा म्हणतात. हेही जमातीच्या यादीत नाहीत. दूध रोज डेअरीला पोचत नाही, म्हणून ते आटवून खवा करतात. म्हशीच्या दहा लिटर दुधाचा साधारण दोन किलो होतो. रुंद कढई, मध्यम जाळ, आणि उलथनं तळाला लागेल असं सतत हलवणं. घट्ट होऊ लागल्यावर जाळ कमी केला नाही तर खवा करपतो, मग त्याला भाव येत नाही. बेळगावच्या कुंदा या मिठाईला खवाच लागतो, त्यामुळे मागणी आहे. पण चुलीला लाकूड लागतं आणि म्हशींना चराई. दोन्हींसाठी गाठ वनखात्याशी.

आता दाव्यांचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. 'इतर पारंपरिक वननिवासी' असाल, म्हणजे गवळी किंवा कुणबी, तर त्याशिवाय तीन पिढ्या, ७५ वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा लागतो. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो, तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता. इथं सगळ्यात मोठी गफलत होते: तोच तुकडा ७५ वर्षं कसला पाहिजे असं लोक समजतात, कधी साहेबही तसंच सांगतात. ७५ वर्षं राहण्याची अट आहे. जमिनीच्या ताब्याला २००५ ची तारीखच लागू.

निदान दोन पुरावे जोडा. जुना कागद नसला तरी पडक्या घराचं जोतं, विहीर, स्मशान, देवाची जागा चालते. दावेदार सोडून दुसऱ्या वृद्धाचा लेखी जबाबही चालतो. गवळ्यांचे वाडे हलत आले असल्यामुळे आधीच्या वाड्यांच्या जागाही नकाशावर दाखवाव्यात. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. हा कोरम न भरताच ठराव झाला, तर तो पुढं टिकत नाही.

माझ्या मते गवळ्यांनी वैयक्तिक जमिनीमागे जाण्याआधी चराईचा सामूहिक दावा करावा. जमीन जास्तीत जास्त चार हेक्टर मिळेल, पण म्हशी त्यावर जगणार नाहीत. सामूहिक दाव्याचा फॉर्म वेगळा असतो, आणि चुकीच्या फॉर्मवर दिलेला दावा नुसता पडून राहतो.

दाव्याची पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस मिळतात. कागद कन्नडमध्ये येतो, तेव्हा हातात पडल्या दिवशीच वाचून घ्या.