वाचक विचारतात : नकाशा सुधारताना ब्राउझरमध्ये काय हाताशी हवं?

प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही सुधारता येणाऱ्या मोफत नकाशाच्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या 'आयडी' एडिटरमध्ये उपग्रहचित्रावरून घरं काढली. मागचं चित्र बदलून पाहिलं, तर सगळी घरं काही मीटर सरकलेली! पुन्हा काढायची का?

उत्तर : मुळीच नाही. आधी कोणतं चित्र सरकलंय ते बघा. चित्रं वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली असतात आणि जमिनीवर बसवताना, विशेषतः चढउताराच्या भागात, थोडा फरक राहतोच. 'बी' दाबलं की बॅकग्राउंडचं पॅनेल उघडतं. त्यात जीपीएस ट्रेसेसचा, म्हणजे लोकांच्या जीपीएसने नोंदवलेल्या वाटांच्या रेषांचा थर चालू करा. एकट्या रेषेवर विसंबू नका. बऱ्याच रेषा एका पट्ट्यात पडल्या असतील, तर त्या पट्ट्याचा मध्य धरा. मग पॅनेलच्या तळाशी इमेजरी ऑफसेट, म्हणजे मागचं चित्र सरकवायची सोय आहे, त्याने चित्रातला रस्ता त्या पट्ट्यावर आणा. हे सरकवणं तुमच्या पडद्यापुरतंच असतं, नकाशातल्या नोंदींना धक्का लागत नाही. चित्र बदललंत तर ऑफसेट पुन्हा तपासा.

उंच इमारतींची गोष्ट वेगळी. चित्र तिरकं असेल तर छत पायथ्यापासून बाजूला झुकलेलं दिसतं. छताची कड काढा, 'क्यू' दाबून कोपरे काटकोनात आणा आणि 'एम' दाबून आकृती पायथ्यावर नेऊन ठेवा. हे राहिलं की इमारत रस्त्यावर येते, एडिटर इशारा देतो आणि नवखे संपादक इमारत सोडून रस्ताच वळवतात.

प्रश्न : ब्राउझरला जोडायची एक्स्टेन्शन्स (छोटी पूरक साधनं) कोणती घ्यावीत?

उत्तर : सुरुवातीला एकच पुरे : ओपनस्विचमॅप्स. समोरची जागा ते एका क्लिकवर दुसऱ्या नकाशात उघडून देतं. मात्र गूगल मॅप्समधलं दुकानाचं नाव बघून इकडे उतरवायचं नाही. परवान्यात ते बसत नाही आणि अशी भर काढून टाकली जाते.

प्रश्न : आमच्या भागातले बिननावाचे रस्ते एकगठ्ठा कसे शोधायचे?

उत्तर : ओव्हरपास टर्बो. एक्स्टेन्शन नाही, ओपनस्ट्रीटमॅपमधल्या नोंदी शोधून देणारी साधी वेबसाइट आहे. आधी नकाशा एखाद्या वस्तीइतका जवळ आणा, मग विझार्डमध्ये, म्हणजे अटीवरून क्वेरी (शोधाची आज्ञा) बनवून देणाऱ्या चौकटीत, अट लिहून चालवा. विझार्डने बनवलेल्या क्वेरीला 25 सेकंदांची मुदत असते. अख्खा जिल्हा पडद्यावर ठेवलात तर ती संपते किंवा ब्राउझर गुदमरतो. नावं मात्र पाटी प्रत्यक्ष पाहूनच भरा.

प्रश्न : बदल अपलोड केला, तरी नकाशावर दिसत नाही.

उत्तर : कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा, बहुतेक वेळा ब्राउझरने जुनी चित्रं धरून ठेवलेली असतात. जवळचा नकाशा सहसा काही मिनिटांत बदलतो, दुरून दिसणाऱ्या नकाशाला जास्त वेळ लागतो. तरीही दिसलं नाही, तर प्रोफाइलमध्ये आपला चेंजसेट, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या बदलांचा गठ्ठा, उघडा. तिथे नोंद असेल तर काम पोचलं आहे. मुख्य नकाशा प्रत्येक टॅग (नोंदीला जोडलेली माहिती) रंगवत नाही, एवढंच. चेंजसेटच नसेल, तर सेव्ह करायचं राहिलं. न पाठवलेले बदल आयडी ब्राउझरमध्येच साठवतो आणि पुढच्या वेळी परत आणायचे का ते विचारतो. इन्कॉग्निटो विंडोत काम केलं असेल, तर विंडो बंद होताच ते गेले.