फायरवॉलचं प्रमाणपत्र घेऊ का?

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. बीसीए झालो आणि सध्या एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात संगणक विभागात आहे. पासबुक प्रिंटर बघणं, शाखेची लाईन गेली की फोनाफोनी करणं, हे माझं काम. मागच्या वर्षी बँकेत फोर्टिनेट कंपनीची फोर्टिगेट फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासून अडवणारं यंत्र, बसली. बसवणारे नागपूरहून आले होते, पासवर्ड त्यांच्याकडेच आहे. आता एक क्लास फोर्टिनेटच्या प्रमाणपत्राचा कोर्स सांगतो आहे. फी ८५ हजार, वर नोकरीची हमी. बाबा म्हणतात, तुरीचे पैसे आले की भरू. पण एकाच कंपनीचं शिकून मी अडकणार तर नाही? मित्र म्हणतो, आधी नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा दे.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुरीचे पैसे या क्लासला भरू नका. प्रमाणपत्र कंपनी देते, क्लास देत नाही. फोर्टिनेटचे धडे त्यांच्याच प्रशिक्षणाच्या साइटवर मोफत बघता येतात, परीक्षेची फी तेवढी वेगळी पडते. तरीही क्लासचा मोह होत असेल, तर ८५ हजारांत परीक्षेची फी धरली आहे का आणि हमी कोणत्या पगाराच्या कोणत्या नोकरीची, हे लेखी मागा. लिहून द्यायला का-कू झाली की विषय संपला.

हा कागद कुणाच्या कामाचा, ते आता बघू. बँकांना, दवाखान्यांना फायरवॉल विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या ज्या फर्म असतात, त्यांना कंपनीची भागीदारी टिकवायला प्रमाणपत्रधारक माणसं पदरी ठेवावी लागतात. अशा फर्मला तुमचा कागद हवा असतो, पण ती तीच कंपनी विकत असेल तरच. मी नागपुरात याच धंद्यात आहे. मुलाखतीला आलेल्या मुलाकडे दुसऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र असलं की आम्ही ते बाजूला ठेवतो आणि साधा प्रश्न विचारतो : शाखेत सगळ्यांचं नेट चालू आहे, एकाच टेबलावरचं बंद आहे, कुठून सुरुवात कराल? थेट फायरवॉलकडे धावणारे बरेच असतात. आधी त्या संगणकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), गेटवे (बाहेर जायची वाट), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) बघणारा मुलगा मला हवा असतो, मग त्याच्याकडे कागद असो-नसो.

म्हणून तुमच्या मित्राचं बरोबर आहे. सीसीएनए हीसुद्धा एका कंपनीचीच, सिस्कोची परीक्षा, पण तिच्यातलं आयपी, सबनेट आणि व्हीलॅन (नेटवर्कचे भाग पाडणं), राउटिंग (डेटाला वाट दाखवणं) कुठेही चालतं. सुरक्षेचा भाग १५ टक्के आहे. अभ्यास आजच सुरू करा, सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. परीक्षेची घाई नको. फी ३०० डॉलर, वर कर, आणि प्रमाणपत्र ३ वर्षंच चालतं. फोर्टिनेटचं तर २ वर्षं. शिवाय कंपन्या आपल्या परीक्षा मोडीतही काढतात. सिस्कोने सीसीएनए सिक्युरिटी २०२० साली बंद केली. परीक्षा इंग्रजीतून असते आणि सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर येता येत नाही, तेव्हा इंग्रजी भराभर वाचायची सवय आतापासून लावा. ती घरूनही देता येते, पण खेड्यात लाईनचा भरवसा नाही. केंद्रावर जाऊनच द्या.

अडकण्याची भीती मात्र फार बाळगू नका. फायरवॉलचे नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की खालचे बघितले जात नाहीत. कुणी घाईत ‘सगळ्यांना सगळं खुलं’ हा नियम सगळ्यात वर ठेवला, तर खालच्या बंदीच्या नियमांना काही अर्थ उरत नाही. फोर्टिगेटवर हे नीट समजलं की पालो आल्टो या दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलवरही हात बसतो. स्क्रीन तेवढा वेगळा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘पासवर्ड त्यांच्याकडेच’. फायरवॉल बँकेची आहे, मुख्य पासवर्ड बँकेच्या ताब्यात हवा. साहेबांना हे सांगा आणि स्वतःसाठी फक्त बघण्यापुरतं खातं मागा. ते मिळालं की लॉग, म्हणजे फायरवॉलने ठेवलेल्या ये-जा नोंदी, किती दिवस मागचे दिसतात, हे आधी तपासा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लहान मॉडेलमध्ये बऱ्याचदा डिस्क नसते, म्हणून लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायची सोय लावावी लागते. तुमच्याकडे ती आहे का? रिझर्व्ह बँकेनेही ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आहे. ती डाउनलोड करून वाचा, तुमची बँक कोणत्या पातळीत बसते ते शोधा. हे काम बँकेत करून दाखवलंत, तर उद्या मुलाखतीत तासभर बोलायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

सराव बँकेच्या फायरवॉलवर अजिबात करू नका. एक चुकीचा नियम, आणि शाखांमध्ये लोक रांगेत ताटकळतील. फोर्टिगेटची मोफत चाचणी आवृत्ती आपल्या संगणकावर आभासी मशीन म्हणून चालते. तिच्यात ३ इंटरफेस (नेटवर्कच्या जोडण्या) आणि ३ नियमांची मर्यादा आहे, पण शिकायला तेवढं पुरतं.

सीसीएनएचा अभ्यास पचला आणि बँक फी भरायला तयार झाली, की फोर्टिनेटचं प्रमाणपत्र जरूर करा. तुमच्या हाताखाली तेच मशीन आहे, रोज वापर होईल. बँकेला अर्ज लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत १८० दिवसांच्या लॉगचं लिहा, फीचं त्यानंतर.