नवरा-बायको दोघंही नोकरी करतो, दोन मुलं आहेत. सगळं माझ्या नावावर दाखवलं तर टॅक्स वाचेल का?

तुमच्या प्रश्नात लिहिलंय की तुमचा पगार 16 लाख, मिसेसचा साडेआठ, मुलं दोन, फ्लॅट आणि लोन तुमच्या एकट्याच्या नावावर. अमेरिकेतला भाऊ बायकोबरोबर एकच रिटर्न भरतो, तसं इथे करता येतं का, आणि येत नसेल तर मुलांची फी, होम लोन, एफडी सगळं तुम्हीच घ्यावं का.

पहिल्याचं उत्तर नाही. आपल्याकडे नवरा-बायको इन्कम टॅक्सच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत, दोन पॅन, दोन रिटर्न. 2025 च्या बजेटआधी सीए लोकांच्या संस्थेने, आयसीएआयने, जोडप्यांना एकत्र रिटर्नचा पर्याय द्या असं सुचवलं होतं, पण तसा कायदा झालेला नाही. भावाचं त्याच्याकडे.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी आज लिहायला बसलेय. "सगळं माझ्या नावावर घेतो, टॅक्ससाठी" हे वाक्य मी घरातही ऐकलंय आणि रोज कामाच्या ठिकाणीही ऐकते.

मी शाळेच्या ऑफिसात आहे, फीच्या खिडकीवर. जानेवारी उजाडला की कंपन्या पगारदारांकडून इन्व्हेस्टमेंट प्रूफ मागतात आणि आमच्याकडे फीच्या दाखल्याची रांग लागते. लेटरहेडवर विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, ट्यूशन फी इतकी, टर्म फी इतकी, खाली शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही. आता ज्या आईने वर्षभर दर टर्मला स्वतःच्या खात्यातून जीपे केलंय, जिचा स्क्रीनशॉट मी स्वतः बघून पावती फाडलीय, तीच येऊन सांगते, "मॅडम, दाखला ह्यांच्या नावाने द्या, पैसे ह्यांनी भरले असं लिहा." का, तर 80सी, म्हणजे ठरावीक खर्च आणि गुंतवणुकीवरची टॅक्सची सूट, त्यांना लागतं. आणि बस, डोनेशन, युनिफॉर्म सगळं त्या रकमेत धरून द्या म्हणून वाद घालणारे तर रोजचे. अहो, 80सी मध्ये फक्त ट्यूशन फी बसते, तीही दोन मुलांपर्यंत, आणि ज्याने भरली त्यालाच. ही दोन मुलांची मर्यादा प्रत्येक पालकाला वेगळी आहे, त्यामुळे फी दोघांनी वाटून भरली असेल तर ज्याने जेवढी भरली तेवढी त्याने दाखवावी, यात लपवाछपवीची गरजच नाही. मी आईने भरलेल्या फीचा दाखला वडिलांच्या नावाने देत नाही. हेडसरांपर्यंत तक्रारी गेल्यात, तरी देत नाही.

आता घरचं सांगते, कारण तुमचा फ्लॅटचा मुद्दा तिथेच येतो.

आम्ही नाशिकला फ्लॅट घेतला 2015 ला. माझे मोठे दीर घरातल्या सगळ्यांचं टॅक्सचं बघायचे, जूनमध्ये प्रत्येकाचा फॉर्म 16 त्यांच्याकडे जायचा, मी कमावती झाल्यावर माझाही गेला. भावोजींनी ठरवलं की अ‍ॅग्रीमेंट आणि लोन दोन्ही नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, कारण तो वरच्या स्लॅबमध्ये, व्याजाची सूट त्यालाच मिळाली पाहिजे. डाऊन पेमेंटमध्ये मात्र माझी आरडी आणि पीएफमधून उचललेले पैसे धरलेलेच होते, त्याबद्दल कोणी काही ठरवायची गरज नव्हती म्हणे, ते घरातलेच पैसे.

बिल्डरच्या ऑफिसात मसुदा वाचायला दिला. 'लिहून घेणार', म्हणजे खरेदीदार, याच्यापुढे एकच नाव. मी वाचते ते पूर्ण वाचते, पावत्या फाडून लागलेली सवय आहे ती. मी म्हटलं यात माझं नाव नाहीये. भावोजी म्हणाले, "अगं, हे टॅक्सचं गणित असतं, तुला नाही कळायचं ते. घर काय, तुझंच आहे." मी चेकबुक पर्समध्ये परत ठेवलं आणि सांगितलं की नाव येईल तेव्हा चेक देईन. त्या ऑफिसात सगळे गप्प. बिल्डरचा माणूस म्हणाला पुन्हा टाइप करायला वेळ लागेल, मी म्हटलं थांबते. नवरा त्या दिवशी भावासमोर एक अक्षर बोलला नाही पण पेन काढून त्याने मसुद्यावर माझं पूर्ण नाव हाताने लिहून दिलं, आणि ती गोष्ट मी कधी विसरणार नाही. आज इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, दोन नावं आहेत, लोनलाही दोन.

भावोजी आजही दिवाळीला विषय काढतात की त्या वेळी नाव घातल्याने अर्धी सूट वाया गेली. तर ते गणित इथे मांडते, त्यांनी वाचलं तरी हरकत नाही. 35 लाखांचं लोन, तेव्हाच्या दराने पहिल्या वर्षांत व्याज साधारण 3 लाख 40 हजार. राहत्या घराच्या व्याजाची सूट एका माणसाला जास्तीत जास्त 2 लाख, मग घर कितीचंही असो. एकट्याचं नाव असतं तर नवऱ्याला 20 टक्क्यांनी 40 हजार वाचले असते आणि वरचं 1 लाख 40 हजारांचं व्याज कुठेच दाखवता आलं नसतं. दोघांची नावं असल्याने प्रत्येकी 1 लाख 70 हजार, त्याचे 34 हजार वाचले आणि मी तेव्हा 10 टक्क्यांत होते, माझे 17 हजार. एकूण 51 हजार. म्हणजे नुसत्या टॅक्सपुरतंही ज्याला कळत नव्हतं ती मी नव्हते. (टॅक्सवर लागणारा जादा सेस धरलेला नाही, आणि सूट दोघांना हवी तर मालकीतही नाव लागतं आणि लोनमध्येही, नुसतं को-अ‍ॅप्लिकंट असून भागत नाही.)

पण याहून मोठी गोष्ट पुढे झाली. 2020 च्या बजेटमध्ये नवीन रेजीम, म्हणजे कमी दरांची पण बहुतेक सवलती नसलेली टॅक्सची पद्धत, आली, 2023-24 पासून तीच डीफॉल्ट झाली, आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची सूट नाही, 80सी नाही, फी नाही. माझा नवरा आता नवीनमध्येच भरतो. ज्या सुटीसाठी माझं नाव वगळायला निघाले होते ती सूटच आमच्या रिटर्नमधून गेली! नाव आहे तिथेच आहे. टॅक्सचे नियम दर फेब्रुवारीला बदलू शकतात हो, मालकी तशी बदलत नाही, मग घर कोणाच्या नावावर हे एखाद्या वर्षाच्या स्लॅबवर कसं काय ठरवता?

तुमचंच बघा. नवीन रेजीममध्ये 2025-26 साठी तुमच्या 16 लाखांतून 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट, जाऊन 15 लाख 25 हजार राहतात, टॅक्स सेससकट 1 लाख 13 हजार 100. जुनी रेजीम याच्याखाली आणायची तर तुम्हाला स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण पावणेसहा लाखांच्या वजावटी लागतील. 80सी चे दीड लाख, व्याजाचे 2 लाख, मेडिक्लेमचे 25 हजार धरले तरी पावणेचारच होतात, आणि राहतं घर स्वतःचं म्हटल्यावर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट, बहुतेक नाहीच. म्हणजे फीचा दाखला, लोनचं सर्टिफिकेट तुमच्या नावावर घेऊन तुम्हाला काडीचा उपयोग नाही. मिसेसचा साडेआठ लाख पगार नवीनमध्ये तसाही शून्य टॅक्सचा आहे, पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत काही लागत नाही. दोघांनी एकच रेजीम घ्यावी असंही नाही, एक जुनी एक नवी चालते, पगारदाराला दर वर्षी बदलताही येते. आकडे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा, तो फुकट आहे.

तुमच्या घरात टॅक्स खरा वाचणार तो मिसेसच्या नावावर. माझा अंदाज आहे की तुमच्याकडेही किराणा, फी, क्लास, दूध, बाईचा पगार हे तिच्या पगारातून जातं आणि एफडी, एसआयपी तुमच्या पगारातून होते. बहुतेक घरांत असंच असतं, माझ्या खिडकीवर रोज दिसतं. ते उलटं करा. घरखर्च तुमच्या पगारातून आणि गुंतवणूक तिच्या पगारातून तिच्या नावावर. 10 लाखांची एफडी 7 टक्क्यांनी धरली तर 70 हजार व्याज, तुमच्या नावावर त्यावर 10 हजार 920 टॅक्स, तिच्या नावावर शून्य. यात काही वाकडं नाही, पैसा तिचा, कमाई तिची, व्याज तिचं.

याउलट तुमचे पैसे तिच्या नावावर टाकून एफडी केलीत तर ते व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, याला क्लबिंग म्हणतात. सासू-सासऱ्यांनी सुनेच्या नावावर टाकले तरी ते देणाऱ्याच्याच उत्पन्नात. त्या व्याजातून पुढे जे कमावलं जाईल ते मात्र तिचं.

मुलांचंही तसंच. आमच्या सासूबाईंनी नातवाच्या नावावर एफडी केली, प्रेमाने केली, आणि भावोजींचं म्हणणं की टीडीएस कापला नाही म्हणजे काही दाखवायचं नाही. असं नसतं. अल्पवयीन मुलाचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात जातं, जुन्या रेजीममध्ये मुलामागे वर्षाला 1,500 रुपये माफ, नवीनमध्ये तेही नाही. मुलाने स्वतःच्या कलेवर किंवा मेहनतीवर काही मिळवलं असेल तर ते यात येत नाही. मुलगी 10 वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी उघडा, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि ते व्याज दोन्ही रेजीममध्ये करमुक्त आहे. आईच्या सहीने उघडा, वडीलच लागतात असं पोस्टात कोणी म्हणालं तर ऐकू नका.

एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचं वेगळं टॅक्स खातं, काढा म्हणून सांगणारे तुम्हाला भेटतीलच. दोघंही पगारदार असाल आणि वडिलोपार्जित काही नसेल तर काढू नका. पगार त्यात टाकता येत नाही, 87ए ची रिबेट, म्हणजे नवीन रेजीममध्ये 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य करणारी सूट, त्याला मिळत नाही, आणि बायको त्यात सभासद असते पण स्वतःहून वाटणी मागू शकत नाही. माझ्याकडेही हा कागद सहीला आला होता, मी केली नाही.

फ्लॅटवर मिसेसचं नाव आता घालायचं असेल तर बक्षीसपत्राने घालता येतं, महाराष्ट्रात राहत्या घरासाठी नवरा-बायकोत मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचं वेगळं विचारा. लोन चालू असेल तर आधी बँकेची एनओसी. याने टॅक्स वाचणार नाही, असं दिलेलं घर टॅक्सपुरतं तुमचंच धरतात. तरी घाला. आणि हल्ली उलटं करणारेही बघते, 2021 पासून फक्त बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे म्हणून तिचं एकटीचं नाव घालतात आणि हप्ता नवरा भरतो, मग जुन्या रेजीममध्ये त्याला व्याजाची सूट मिळत नाही म्हणून वर्षभर भांडणं. आधी वाचा, मग घ्या.

काही गोष्टी राहिल्या. शेअर किंवा म्युच्युअल फंडाचा नफा ज्याला वेगळ्या दराने टॅक्स लागतो त्याला ती 12 लाखांची रिबेट लागू नाही, मिसेसच्या नावावर इक्विटी घेताना हे धरून चाला. दोघांपैकी कोणाचा धंदा किंवा प्रॅक्टिस असेल तर दर वर्षी रेजीम बदलता येत नाही, तेव्हा सीएला विचारा, मी सीए नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत, मी जुनेच लिहिलेत कारण 2025-26 चा रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचा आहे. आणि मिसेसचा रिटर्न तिच्या लॉगिनने तिलाच भरू द्या, ओटीपी तिच्या मोबाइलवर येऊ दे.