ढग नको, घड बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, ‘नाना, सगळं गेलं.’ मी विचारलं, किती गेलं? म्हणालास, सगळंच. द्राक्षाच्या वेलीवर किती घड उरलेत म्हणून विचारलं, तर गप्प. बागेत उभा राहून बोलत होतास आणि घड माहीत नव्हते. पुढच्या पाच दिवसांत कुठल्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस सांगितलाय ते मात्र धडाधड वाचून दाखवलंस. त्यातही तुझ्या दोन ॲपांचं एकमेकांशी पटत नव्हतं. म्हणून हे पत्र. फोनवर मी चिडतो, तू ‘हो नाना, हो नाना’ करतोस आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही.

हिंमत ठेव, मेहनत कर वगैरे मी लिहिणार नाही. वडील अंथरुणाला खिळल्यावर पुण्याची नोकरी सोडून बाग हातात घेतलीस, तेव्हाच जे कळायचं ते मला कळलं. मला एकच सांगायचंय आणि ते मी इथं पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी. ढग नको बघू, घड बघ.

आधी तुझ्या मनातली एक सल काढतो. ‘मला शेती जमत नाही’ असं म्हणालास. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, म्हणजे माल उतरल्यावर जुन्या काड्या आखूड कापल्या. त्यानंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत नव्या काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड धरायचा की नाही हे ठरतं. बाहेरून काही दिसत नाही, पण पुढच्या हंगामाचा माल तेव्हाच आत आकार घेत असतो आणि त्याला लागतं ऊन. २०२५ च्या मेमध्ये ऊन होतंच कुठं? एरवी ११ जूनच्या आसपास मुंबईत येणारा मॉन्सून २६ मेलाच येऊन धडकला, आणि आपल्याकडं तर त्याच्याही आधीपासून अवकाळी सुरू होता. कितीतरी डोळ्यांत घड धरलाच नाही. जिथं धरला तिथं फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर जिरला, घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे, झाले. निफाडला जा, दिंडोरीला जा, चांदवडला जा, हीच रड ऐकशील. तुझ्या हातात जे होतं ते तू केलंस. डोळे फुटायची पेस्ट वेळेवर लावलीस, कोवळी फूट पोंग्यात असताना डावणीची, म्हणजे त्या बुरशीच्या रोगाची, एकही फवारणी चुकवली नाहीस. दिवाळीत आलो होतो तेव्हा तुझी पानं उलटून बघितली, एकाही पानाच्या पाठीमागं पांढरी बुरशी नव्हती. माझ्या ओढ्याकडच्या प्लॉटात होती. आता सांग, शेती कुणाला जमत नाही?

काल दहा वेली मोजून आकडे पाठवलेस ते बरं केलंस. कुठं नऊ, कुठं एकवीस, एका वेलीवर काहीच नाही. सरासरी चौदा. आता वही घे आणि माझ्याबरोबर लिही. तुझी लागण नऊ बाय पाचची, म्हणजे एकरी ९६८ वेली. मर-तूट धरून साडेनऊशे मान. चौदा घड, आणि घड तीनशे ग्रॅमचा धर. चार टनांच्या आसपास येतं. नऊ-दहा टन देणारी बाग चार टनांवर आली. साठ रुपये भाव धरला तर दोन लाख चाळीस हजार. खर्च तुझ्याच हिशेबानं साडेतीन लाख. एकरी एक लाख दहा हजारांचा खड्डा, दोन एकरांचे दोन लाख वीस हजार.

रक्कम मोठी आहे, लहान म्हणणार नाही. पण बघ, ‘सगळं’ कुणालाच फेडता येत नाही. दोन लाख वीस हजार फेडता येतात, तीन हंगाम लागले तरी.

आणि हा खड्डासुद्धा अजून पक्का नाही. साडेतीन लाखांचा खर्च तू पस्तीस घडांच्या हिशेबानं धरलायस. चौदा घडांना विरळणीची, म्हणजे घडातले जादा मणी काढायची, मजुरी तेवढी लागेल का? डिपिंगला, म्हणजे घड बुडवायला, जीए हे वाढीचं औषध तेवढं लागेल का? माल कमी असला की वेल सगळा जोर पानात काढते, म्हणून नत्र आवर, शेंडा मारत राहा. जो माल आहे त्याला फुगवण चांगली मिळेल, मणी जाड होईल, टिकला तर भावात उजवा ठरेल. हे तुला कुठल्या ॲपवर दिसलं असतं? वेलीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. रात्री दोन वाजता गादीवर पडून मोबाईलमधला हिरवा-पिवळा-लाल नकाशा सरकवत बसलास तर अख्खी बाग लाल दिसणारच. पोरा, ढग नको, घड बघ.

तू म्हणशील, मग हवामान बघायचंच नाही का? असं कुठं म्हटलं मी? पाऊस येणार हे माहीत नसेल तर औषध धुऊन जाईल. सकाळी एकदा बघ, संध्याकाळी एकदा बघ, आणि प्रत्येक वेळी एकच निर्णय घेऊन मोबाईल खिशात टाक: फवारा आज की उद्या? रात्री पडून गेला तर पहाटे ब्लोअर फिरवून घडातलं पाणी झटकायचं की नाही? निर्णय नसेल घ्यायचा तर बघू नको. आणि ते द्राक्षाचे व्हॉट्सॲप ग्रुप. कुणीतरी कुजलेल्या घडाचा फोटो टाकतो, खाली दोनशे जण हात जोडलेले चेहरे टाकतात. तो फोटो कुठल्या गावचा, कुठल्या वर्षीचा, कुणी विचारत नाही. दोन ठेव, बाकीच्यांतून बाहेर पड. मी सगळ्यांतून बाहेर पडलो, तर मला लोक जुनाट म्हणतात. म्हणोत.

सकारात्मक राहा, असं आजकाल जो तो सांगतो. एका औषध दुकानाच्या शेतकरी मेळाव्यात टाय लावलेला वक्ता आला होता. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ असं म्हणा, म्हणाला. जेवण बरं होतं. मी सकारात्मक माणूस बघितला तो २७ नोव्हेंबर २०२३ च्या सकाळी. आदल्या दिवशी गारपीट झाली होती, तू तेव्हा पुण्यात होतास. आमच्या शिवारात एक बाई आहे, नवरा गेलेला, दीड एकर बाग. आम्ही बाप्ये पंचनाम्याची वाट बघत बांधावर उभे. तिनं मोबाईलवर फोटो काढून घेतले, डोक्याला फडकं बांधलं आणि कात्री घेऊन आत शिरली. फुटलेले मणी, मोडक्या काड्या काढायला लागली. जखमेतून कूज शिरते, ती तलाठ्यासाठी थांबत नाही. तोंडानं त्या तलाठ्याच्या नावानं असं काही चाललं होतं की मी इथं लिहू शकत नाही. हसत तर अजिबात नव्हती. पण त्या दिवशी अख्ख्या शिवारात सकारात्मक म्हणावी अशी तीच एकटी. घड बघत होती.

आता माझ्याबद्दल. माझा धाकटा भाऊ भेटला की तुला माझ्या हट्टाची गोष्ट सांगतो, हे मला ठाऊक आहे. तो अर्धीच सांगतो. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले. आपण त्याला लिहोसिन म्हणायचो. खरड छाटणीनंतर वाढ रोखायला सगळेच मारायचे आणि ते आपल्याकडं तपासायच्या यादीतच नव्हतं. कंटेनर तिकडं अडकले. माझा माल घेतलेल्या निर्यातदारानं फोन उचलणं सोडलं. भाऊ म्हणाला, बाग काढ, मका कर, कांदा कर. त्यानं त्याची काढली. मी नाही काढली. तेव्हापासून घरात प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हा विषय निघतो.

तर ऐक. माझी बाग तेव्हा सहा वर्षांची होती, डॉगरीजच्या काटक खुंटावर कलम केलेली, खोडं मांडीसारखी झालेली. आणखी आठ-नऊ वर्षं माल देणार हे उघड होतं. मांडव, तारा, ठिबक, सगळं उभं. एका हंगामाचा तोटा बघून अशी बाग उपटायची नसते. हा हिशेब होता, भावनेच्या भरात काही केलं नाही. (थोडी भावना होती. विहीर वडिलांनी खोदलेली आहे.) २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, व्यापारी गायब झाले, गोड झालेला माल मांडवाला लटकत राहिला. तेव्हा भाऊ परत म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं? मी बेदाणा टाकला. भाव पडेल मिळाला, पण मातीत घालवला नाही. आज भाऊ माझ्यापेक्षा जास्त कमावतो, असं तो सांगतो. कांद्याच्या भावाचं विचारलं की विषय बदलतो. त्याचं बरोबर की माझं, हे तू ठरवू नकोस, तुझं ते कामही नाही. मी माझ्या वेली मोजून ठरवलं होतं, एवढंच लक्षात ठेव. तुझी मोजणी उद्या ‘बाग काढ’ म्हणाली, तर खुशाल काढ. मी कुऱ्हाड घेऊन येईन. पण ढगांकडं बघून काढू नको.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात आजही बसत नाही. २०१० नंतरच्या दोन वर्षांत मी घरात बोलायचाच बंद झालो होतो. ओरडत नव्हतो, मारत नव्हतो. जेवायचो आणि ओट्यावर जाऊन बसायचो. मला वाटायचं, घरच्यांना कशाला त्रास. शाळेची सहल होती, मुलीनं पैसे मागितलेच नाहीत. वर्गात सांगितलं, मला गाडी लागते. तिला कधीच गाडी लागत नव्हती. हे मला तिच्या लग्नानंतर कळलं, तेही तिच्या नवऱ्याकडून, हसत हसत. मी पण हसलो. काय करणार?

म्हणून तुला सांगतो, तो दोन लाख वीस हजारांचा कागद आज रात्री बायकोपुढं ठेव. वडिलांपुढंही ठेव. आजारी आहेत, कानानं बहिरे नाहीत. त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त हंगाम बुडताना बघितलेत. त्यांना न सांगून तू त्यांना जपतोयस असं तुला वाटतं, पण तुझा चेहरा बघून त्यांनी मनात पाच लाखांचा आकडा धरला असेल. सोसायटीचं कर्ज किती, दुकानाची उधारी किती, वेगवेगळं लिही. उधारीवाल्याला तोंड चुकवू नको, स्वतः जाऊन सांग, एवढे आत्ता, एवढे मार्चला. तो कुरकुर करेल. पण तोंड चुकवणाऱ्याच्या घरी तो आधी येतो. हवामानाधारित फळपीक विमा भरलायस, त्याची पावती शोधून ठेव. त्या विम्यात तुझ्या बागेत किती पडला हे मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर काय नोंदलं गेलं ते बघतात. तेव्हा मिळालाच तर मिळाला, हिशेबात आत्ताच धरू नको.

आणि झोपेचं. तू म्हणालास, तीन आठवडे धड झोप नाही, जेवण जात नाही, विहिरीकडं गेलं की नको ते मनात येतं. हे तू घाईघाईत बोलून पुढं गेलास. मी पुढं गेलेलो नाही. इथं माझं घड-बिड काही चालत नाही, हे मला कळतं. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. आज लाव. लाज वाटत असेल तर माझ्यासमोर लाव, मी बाहेर ओट्यावर बसतो. डावणी आली तर तू सल्लागाराला बागेत बोलावतोस ना, त्याचे पैसेही देतोस. मग यालाच कसला संकोच? आणि तोवर संध्याकाळनंतर विहिरीची मोटार चालू-बंद करायला गड्याला पाठव. हे विनंती म्हणून लिहीत नाहीये.

शुक्रवारी सकाळी सातला येतो. विरळणीच्या बायकांना अजून उचल देऊ नको. आधी आपण दोघं वरच्या प्लॉटातल्या दहा-बारा वेली आणखी मोजू. ओळीच्या टोकाच्या नकोत, मधल्या धर, टोकाला ऊन जास्त मिळतं आणि आकडा फसवा येतो. दुकानाच्या पावत्या पिशवीत कोंबल्या असशील, त्या तारखेप्रमाणे लावून ठेव. चहा बिनसाखरेचा.

तुझा
नाना