नव्या घोड्याचे खोगीर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि पौष लागला की खोगिराविषयीची पत्रे येऊ लागतात. घोडा पारखताना त्याचे भोवरे, कानांची टोके आणि रवाल चाल बारकाईने पाहिली जाते. ज्या पाठीवर उद्या बसायचे आहे तिच्यावरून एकदा हात फिरवावा, हे मात्र फार थोड्यांना सुचते. यंदाच्या पत्रांतही त्याच त्या शंका आहेत, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : बाजारातून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. विकणाऱ्याने सोबत खोगीर दिले आणि ते तिच्याच मापाचे असल्याचे सांगितले. हे कसे पडताळावे? (जळगाव)

विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. घोडी सपाट, टणक जमिनीवर चारही पायांवर सरळ उभी करावी. नमदा (खोगिराखाली घालायची जाड घडी) किंवा चादर न घालता नुसते खोगीर पाठीवर थोडे पुढे ठेवावे आणि केसांच्या दिशेने मागे सरकवावे. ते जिथे आपोआप स्थिरावेल, ती त्याची जागा. आता खांद्याच्या पसरट हाडाची मागची कड बोटांनी चाचपून शोधावी. खोगिराच्या आतला सांगाडा, ज्याला कारागीर ट्री म्हणतात, त्याची पुढची टोके या कडेच्या दोन-तीन बोटे मागे असली पाहिजेत. असे का, हे पाहायचे असेल तर आपला तळहात त्या कडेवर ठेवून मोतद्दाराला घोडीचा पुढचा पाय उचलून पुढे ताणायला सांगावे. हाड मागे सरकून तळहाताला ढकलते. पुढे बसवलेले खोगीर प्रत्येक पावलाला याच धक्क्याच्या वाटेत येते.

त्यानंतर मागे उभे राहून कण्यावरून आरपार पाहावे. खोगिराच्या खालच्या दोन्ही गाद्यांच्या मधून शेवटपर्यंत उजेड दिसला पाहिजे आणि ही पोकळी सर्वत्र तीन-चार बोटे रुंद असली पाहिजे, कारण कण्याच्या मणक्यांवर भार मुळीच पडता कामा नये. मान संपते तिथला खांद्यांमधला उंचवटा, म्हणजे विदर्स, आणि खोगीर यांच्यामध्ये स्वार बसल्यानंतरही दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे. मागच्या बाजूला शेवटची बरगडी चाचपून ती वर कण्यापर्यंत न्यावी. खोगिराचा भार या रेषेच्या पलीकडे जाऊ नये, कारण तिथून पुढे कमरेच्या मणक्यांना बरगड्यांचा आधार नसतो. शेवटी गादीखालून पुढून मागे हात फिरवावा. पुढे आणि मागे हात अडकतो पण मध्ये मोकळा राहतो, असे झाले तर खोगीर पुलासारखे दोन टोकांवरच टेकलेले आहे आणि सगळे वजन त्या चार ठिपक्यांवर येणार आहे.

मारवाडी जातीत विदर्स बहुधा ठळक आणि उंच असतात, त्यामुळे रुंद पाठीच्या घोड्याचे खोगीर तिच्यावर पुढे खचते. त्यातून आपली घोडी चारच वर्षांची आहे. कण्याच्या हाडांची वाढ पाचव्या वर्षानंतरही चालू असते, म्हणजे आज नेमके बसलेले खोगीर वर्षभराने बसेलच असे नाही. एवढी तपासणी घरी करता येते, मात्र स्वार चढवण्यापूर्वी घोड्यांचे काम करणाऱ्या पशुवैद्याकडून पाठ एकदा तपासून घ्यावी.

प्रश्न : कानपूरचे १७ इंची खोगीर ऑनलाइन मागवत आहे. माझ्या घोड्याला हे माप चालेल का? (नाशिक)

१७ इंच हे बसणाऱ्याच्या बैठकीचे माप आहे, घोड्याच्या पाठीचे नाही. कानपूरला उत्तम खोगिरे बनतात, पण पाठीचे आरेखन न पाठवता मागवलेले उत्तम खोगीरही आपल्या घोड्यावर वाईट बसू शकते. वाकवता येणारी मोजपट्टी किंवा जाड तार खांद्याच्या हाडामागे, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशी आडवी टेकवून तिन्ही आकार कागदावर उतरवून घ्यावेत, ते कारागिराला पाठवावेत आणि परत घेण्याची अट लेखी मागावी.

प्रश्न : माझे वजन ९० किलो आणि घोड्याचे सुमारे ३२० किलो आहे. कोणते खोगीर योग्य? (सातारा)

कोणतेही नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा अधिक नसावे, ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. आपल्या घोड्याच्या बाबतीत ती ६४ किलो होते.

प्रश्न : खोगीर थोडे तंग वाटते, पण रायडिंग क्लबातील मित्र म्हणतात की खाली जाड जेल पॅड घातले की पुरे. दुकानदारानेही तेच सांगितले. कोणते पॅड घ्यावे? (पुणे)

कोणतेही घेऊ नये. हा प्रश्न दरवर्षी सर्वाधिक येतो आणि पाठीच्या जेवढ्या दुखण्यांवर मी उपचार करतो त्यांतली बरीचशी याच सल्ल्यातून उद्भवलेली असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खोगीर तंग आहे याचा अर्थ त्याच्या पुढच्या कमानीचा कोन घोड्याच्या अंगापेक्षा अरुंद आहे. ती कमान लाकडाची, लोखंडाची किंवा कडक फायबरची असते आणि ती आपल्या पॅडमुळे एक सूतभरही रुंदावत नाही. उलट कमान आणि अंग यांच्यामध्ये आपण आणखी एक थर कोंबतो. बूट चावतो म्हणून त्यात जाड मोजा घालणाऱ्याचे जे होईल तेच घोड्याचे होते, फक्त त्याला बूट काढून फेकता येत नाही. पॅड जेलचे असो, मेंढीच्या लोकरीचे असो की घरच्या गोधडीची घडी असो, हा हिशेब बदलत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की या दाबाचे नुकसान आधी आपल्याला दिसतच नाही. सतत दाब राहिला की सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त पोहोचेनासे होते. आणि रक्ताच्या तुटवड्याला कातडीपेक्षा स्नायू लवकर बळी पडतात. म्हणजे वर केस तुकतुकीत, कातडी शाबूत आणि आत खांद्यामागचा स्नायू झिजत चाललेला, अशी अवस्था कित्येक आठवडे राहू शकते. मालक मला सांगतात की पाठीवर ओरखडासुद्धा नाही. मी बोटांची टोके कण्यापासून चार बोटे खाली ठेवून, विदर्सच्या मागून सावकाश एकसारखा दाब देत मागे नेतो, आणि ठरावीक जागी घोडा पाठ खाली सोडतो, कान मागे टाकतो, कधी वळून माझ्या बाहीकडे तोंड आणतो. तो स्नायू कडक, दोरीसारखा लागतो. पुढच्या टप्प्यात तो इतका कमी होतो की खांद्यामागे दोन्ही बाजूंना वाटीसारखे खळगे पडतात. मग खोगीर त्या खळग्यांत आणखी खचते, विदर्सला टेकू लागते, आणि दुकानदार त्यावर आणखी जाड पॅड सुचवतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत आहे. पुढे असा घोडा विकताना त्याचे विदर्स जन्मतःच उंच असल्याचे सांगितले जाते, तेव्हा तर फार वाईट वाटते.

पॅडच्या वेष्टनावर ‘ऑर्थोपेडिक’, ‘दाबमुक्त’, ‘सर्व घोड्यांना बसणारे’ असे शब्द छापलेले असतात. सर्व घोड्यांना बसणारी वस्तू असू शकत नाही, कारण एकाच घोड्याची डावी आणि उजवी बाजूसुद्धा तंतोतंत सारखी नसते. नमद्याचे काम घाम टिपणे आणि घर्षण कमी करणे एवढेच आहे. तो पातळ, स्वच्छ आणि बिनसुरकुतीचा असावा, आणि विदर्सवर ताणला जाऊ नये म्हणून घालताना मध्यभागी वर खोगिराच्या पोकळीत ओढून घ्यावा. खोगीर किंचित रुंद असेल आणि घोड्याचे स्नायू भरून येण्याची वाट पाहायची असेल, तर ठरावीक जागी पातळ भर देऊन काही महिने निभावता येते. परंतु ती कुठे आणि किती द्यायची, हे पाठ तपासलेल्या माणसाने ठरवावे. तंग खोगिरावर उपाय दोनच : कमान बदलता येत असेल तर रुंद कमान बसवणे, नाही तर खोगीर बदलणे. आपल्या घोड्याची रपेट आजपासून थांबवावी आणि पशुवैद्याला बोलावून खांद्यामागच्या स्नायूंची झीज सुरू झाली आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : नव्या घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढरे केस आहेत. गावात कोणी शुभ म्हणतात, कोणी अशुभ. (सोलापूर)

दोन्ही सोडून द्यावे. जन्मतः नसलेले, खोगिराच्या जागी उगवलेले पांढरे केस म्हणजे केसांच्या मुळांना पूर्वी झालेली इजा. ते बहुधा पुन्हा रंगत नाहीत, पण ती इजा जुनी आहे की आजही चालू आहे, हे कळणे महत्त्वाचे असल्याने पाठ तपासून घ्यावी.

प्रश्न : खोगीर सारखे उजवीकडे घसरते. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आणखी आवळून पाहिला, पण घोडा चावायला येतो. (कोल्हापूर)

तंग आणखी आवळू नये. खोगीर एकाच बाजूला घसरण्याची कारणे अनेक असतात : स्वार एका रिकिबीवर अधिक भार देतो, गाद्यांतील भरण एका बाजूने दबलेले असते, घोड्याचे खांदे असमान असतात. पण जे कारण कोणाच्या मनात येत नाही ते म्हणजे मागच्या पायाचे लंगडेपण. इंग्लंडमधील पशुवैद्यांनी अभ्यास करून दाखवले आहे की मागच्या पायात सूक्ष्म लंगडेपण असलेल्या घोड्यांत खोगीर एका बाजूला सरकते, आणि त्या पायाची वेदना इंजेक्शनने तात्पुरती बधिर केली की बहुतेकांत ते सरकणे थांबते. हे लंगडेपण नुसत्या डोळ्यांना अनेकदा दिसत नाही. अशा वेळी नव्या खोगिरावर खर्च केलेला पैसा वाया जातो आणि पायाचे दुखणे वाढत राहते. तंग घालताना चावणे हे पाठीच्या दुखण्याचे लक्षण असू शकते, तसेच पोटातील अल्सरचेही असू शकते. त्याला खोड म्हणून चाबूक दाखवण्याआधी पशुवैद्याकडून दुडकी चालवून पाय, पाठ आणि पोट तिन्हींची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : विदर्सवर दीड महिन्यापासून सूज आहे. हळद-तेल लावतो आहोत, आता थोडा पू येतो. पर्यटनाचा हंगाम असल्याने घोडा कामावर आहे. (एक अश्वपाल)

घोडा आज, हे वाचताक्षणी, कामावरून काढावा. दीड महिना हा फार मोठा उशीर आहे. विदर्सवरची सूज आत मणक्यांच्या टोकांपर्यंत पोहोचली की तिचे नासूर होते, जखम वर भरल्यासारखी दिसते आणि आतून वाहत राहते, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. दुसरे असे की अशा नासुरात कधी कधी ब्रुसेला हा जंतू सापडतो. तो माणसालाही बाधतो, विशेषतः गुरे आणि घोडा एकाच गोठ्यात असतील तर अधिक सावध राहावे. तो पू उघड्या हातांनी पुसू नये आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. तिसरे, घोडा धनुर्वाताला अत्यंत लवकर बळी पडणारा प्राणी आहे. लस दिली होती का, हे आठवून पशुवैद्याला सांगावे. जवळ घोड्यांचा डॉक्टर नसेल तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर किंवा नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. हंगाम बुडेल याची काळजी मला समजते, कारण चूल त्यावरच चालते. पण हा घोडा असाच राबवला तर पुढचे सगळे हंगाम बुडतील.

प्रश्न : एकदा नीट बसलेले खोगीर पुन्हा केव्हा तपासावे? (अहिल्यानगर)

नव्या घोड्याच्या बाबतीत पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून दोनदा, आणि घोडा आजारातून उठला किंवा त्याचे वजन बदलले तर लगेच. लोकरीचे भरण असलेल्या नव्या खोगिराच्या गाद्या पहिल्या काही महिन्यांतच दबतात, तेव्हा भरण नीट करून घ्यावे. पाठीवर हात मात्र रोज फिरवावा. खोगीर उतरवताच पाठ पाहण्याची घोडदळातली शिस्त खासगी पागेतही पाळता येते.

प्रश्न : कारागीर खोगिराला दोन महिने लागतील म्हणतो. तोवर नुसत्या पाठीवर बसू का? (पणजी)

नको. नुसत्या पाठीवर बसल्यास आपल्या बैठकीच्या दोन हाडांचा दाब थोड्याशा जागेत एकवटतो. हे दोन महिने घोड्याला हाताने चालवण्यात आणि लांब दोरीवर माफक व्यायाम देण्यात घालवावेत. या काळात पाठीचा आकार बदलला तर नवे आरेखन कारागिराला कळवावे. खोगीर आल्यावर पहिल्या रपेटीआधी पशुवैद्य आणि कारागीर एकाच दिवशी येतील असे जमवता आले तर पाहावे; जी दुरुस्ती लागेल ती दोघांनी घोड्यासमोर ठरवली की मागाहून एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.