दरडग्रस्त वाडीच्या पुनर्वसनात समाजमंदिर बांधून द्यायचे असेल, तर काय पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नेरूळमधील आपल्या काही सोसायट्यांनी मिळून निधी जमवला आहे, दरडीत घरे गेलेल्या एका ठाकर वाडीचे पुनर्वसन होत असून, तिथल्या लोकांना सावरायला आधार व्हावा म्हणून समाजमंदिर बांधून द्यावे, असे आपल्या मनात आहे, आणि जागा, आराखडा व खर्च यांविषयी आपल्याला माहिती हवी आहे. मी ठाण्यात राहतो, स्थापत्य अभियंता म्हणून तीसेक वर्षे काम केले आहे आणि अशा दोन कामांत प्रत्यक्ष सहभागी होतो. त्यांतले एक फसले, दुसरे लोकांच्या उपयोगी पडले. दोन्हींचा अनुभव पाहता जागेच्याही आधी मी आपल्याला हे विचारेन की, या इमारतीची किल्ली कोणाकडे राहणार आहे?

फसलेले काम 26 जुलै 2005 नंतरचे. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि इकडे उल्हास नदीने कल्याण-बदलापूरचा काठ बुडवला. आम्ही काही जणांनी नदीकाठच्या एका गावात पक्के सभागृह बांधून दिले. काम चांगले होते, गळती नव्हती, आजही तडा नाही. परंतु दार गावच्या चौकात उघडत होते, जिथे दिवसभर पुरुष बसलेले असत, त्यामुळे बायका तिकडे फिरकल्या नाहीत. किल्ली गावातल्या एका वजनदार माणसाच्या घरी गेली आणि वर्षभरात आत मंडपाचे बांबू, खुर्च्या आणि सिमेंटची पोती साठली. पुढच्या एका पुरात लोक आसऱ्याला आले तेव्हा किल्ली असणारा माणूस बाहेरगावी होता आणि कुलूप तोडावे लागले. आराखडा काढताना मी एकाही बाईला काही विचारले नव्हते, याची खंत मला अजून आहे.

दुसऱ्या कामाच्या वेळी आमच्याकडे पैसेच फारसे नव्हते. 2021 च्या जुलैत कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातील 5 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अशाच एका धोकादायक उतारावरची काही कुटुंबे आधी शाळेच्या वर्गांत आणि मग शाळा सुरू करायची म्हणून पत्र्याच्या संक्रमण शिबिरात हलवली गेली. त्या शिबिराच्या मधोमध आम्ही लोखंडी पाइपांवर छप्पर घालून तिन्ही बाजूंनी उघडी शेड उभारली, कडेने बसण्याजोगा ओटा बांधला, पाण्याची टाकी ठेवली आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी वीजजोडणी घेतली. कुलूप लावायला दारच नव्हते. चौथ्या दिवशी तिथे बायका भाजी निवडत बसलेल्या होत्या आणि आठवड्याभरात मुलांचा अभ्यास तिथेच होऊ लागला.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पक्की इमारत लगेच हाती घेऊ नये. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. शोधकार्य थांबवले गेले तोवर 27 मृतदेह सापडले होते आणि 57 माणसे बेपत्ता होती. वाचलेल्यांना आधी चौक या गावाजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत ठेवण्यात आले आणि सिडकोने त्यांच्यासाठी 44 पक्की घरे बांधायला घेतली. दुर्घटना आणि पक्के घर यांच्यामधला हा काळ माणसाला सर्वांत जड जातो. मदतीची वाहने येईनाशी झालेली असतात, हाताला काम नसते आणि भोवती दुसऱ्याची जमीन असते. लोकांना एकत्र बसायला जागा हवी ती या काळात. आपल्या निधीतला थोडा भाग आत्ता तात्पुरत्या वस्तीतल्या शेडसाठी काढावा आणि उरलेला ठेव म्हणून बँकेत ठेवावा. शेड कशी वापरली जाते हे एक पावसाळा पाहिले की, पक्क्या इमारतीचा आराखडा लोकच सांगतील.

ही गरज किती खरी आहे, हे जपानने फार मोठी किंमत देऊन शिकले. 17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपानंतर वृद्धांना तात्पुरती घरे आधी मिळावीत म्हणून सोडत काढली गेली. हेतू चांगला होता, पण शेजार मोडले आणि अनेक वृद्ध त्या घरांत एकटेच मरण पावले. काहींचा मृत्यू शेजाऱ्यांना कितीतरी दिवसांनी कळला. पुढे तिथल्या तात्पुरत्या वसाहतींत एकत्र बसण्याची केंद्रे उघडावी लागली. 2011 च्या त्सुनामीनंतर वास्तुविशारद तोयो इतो यांनी सेंदाई शहरातल्या तात्पुरत्या वसाहतीत ‘सर्वांचे घर’ या अर्थाच्या नावाची एक लाकडी वास्तू उभी केली. ती जेमतेम 40 चौरस मीटरची होती. आत शेगडी आणि मोठे टेबल होते, आणि बाहेर आपल्या पडवीसारखा बसण्याचा भाग होता. वस्तीला एवढेही पुरते, हे मला त्यातून उमगले.

आता जागेविषयी. कडेच्या, उरलेल्या भूखंडावर समाजमंदिर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मोडावी. पाण्याच्या नळाकडे, रेशन दुकानाकडे किंवा अंगणवाडीकडे जाताना वाटेत लागेल अशी जागा मागून घ्यावी. जमीन ग्रामपंचायतीच्या नावे झाल्याचे कागद हाती आल्याशिवाय कुदळ मारू नये. डोंगर कापून केलेल्या भरावावर बांधू नये. 2014 मध्ये दरडीखाली गेलेल्या माळीणच्या नव्या गावात घरे ताब्यात दिल्यानंतर 2017 च्या पहिल्याच पावसात जमीन खचून भेगा पडल्या होत्या, हे विसरता येत नाही. नदी जवळ असेल तर पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आसऱ्याची इमारत लाल रेषेच्याही बाहेर हवी.

आकाराचे गणित सोपे आहे. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला साधारण 6 चौरस फूट लागतात, म्हणजे 200 माणसांच्या वाडीला 1200 चौरस फूट झाले. ते सगळे चार भिंतींत नको. 20 बाय 30 फुटांची एक खोली आणि तिच्या दोन्ही लांब बाजूंना 10 फुटांची पडवी, असे केले तर आकडा तोच येतो, खर्च बराच उतरतो आणि पडवी रात्रंदिवस उघडी राहते. एका पडवीचे तोंड घरांच्या मागीलदारांकडे असावे. बायकांना चौक न ओलांडता तिथे येता येते आणि पदर खोचून काम करत बसताही येते.

छपराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आमच्या शेडमध्ये ही चूक झाली होती. नुसत्या पत्र्यावर मोठा पाऊस सुरू झाला की, आतले बोलणे ऐकू येत नाही. दरडीतून वाचलेल्या माणसाला तो आवाज सहन होत नाही. लहान मुले कान झाकून रडू लागत आणि एक आजी पाऊस ओसरेपर्यंत ओट्यावर उभ्याच राहत. नंतर आम्ही पत्र्याखाली बांबूच्या चटयांचे छत बसवले आणि आवाज पुष्कळ कमी झाला. आपण सुरुवातीपासूनच पत्र्यावर कौले घालावीत किंवा खाली चटई बांधावी. पागोळ्यांचे पाणी पायऱ्यांवर पडू नये म्हणून छप्पर चार फूट बाहेर काढावे. शौचालय, पाण्याची टाकी आणि सौर दिवे या बाबी नकाशात नंतर घालू म्हणून सोडू नयेत. बहुधा त्या राहूनच जातात.

इमारतीत पहिले वर्ष प्रामुख्याने कागदांचे काम चालेल. दरडीबरोबर रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, जातीचे दाखले असे सगळेच गेलेले असते आणि बेपत्ता माणसांच्या वारसांचे मृत्यूच्या दाखल्यावाचून अडते. तलाठी, ग्रामसेवक आणि बँकेचा माणूस ठरलेल्या वारी इथेच येऊन बसतील, असे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्यावे. एका टेबलाची ही सोय झाली तर वाडीच्या रोजगाराचे कितीतरी दिवस वाचतात.

मनाच्या दुखण्याबाबतही एक अनुभव सांगतो. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावली, तर तिथे कोणी पाऊल टाकत नाही. आमच्याकडे येणाऱ्या समुपदेशक ताई पडवीत बायकांबरोबर वाल सोलत बसत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कोणीतरी आपणहून रात्री झोप लागत नसल्याचे सांगे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा. मृतांची नावे कोरायची की नाहीत, हे त्यांच्या घरच्यांनी ठरवावे. काहींना ती रोज डोळ्यांसमोर नको असतात. देणगीदारांच्या नावांची फरशी मात्र बसवू नये, असा माझा आग्रह राहील. उद्घाटनाचा सोहळाही नको.

राहिला देखभालीचा प्रश्न. वीजबिल आणि डागडुजीचा खर्च ठेवीच्या व्याजातून भागेल, एवढी रक्कम बांधकामाआधी बाजूला काढावी, मग इमारत एका खोलीने लहान झाली तरी चालेल. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळानंतर बांधलेल्या अनेक निवाऱ्यांत एरवी शाळा भरतात, आणि रोज वापरात असलेली इमारत संकटाच्या दिवशी बंद सापडत नाही. सकाळी अंगणवाडी, दुपारी बचत गट, संध्याकाळी अभ्यासिका, मधूनच एखादी हळद किंवा दहावा असे चालू राहिले पाहिजे. किल्ल्या तीन कराव्यात: एक अंगणवाडी सेविकेकडे, एक बचत गटाकडे आणि एक इमारतीला लागून असलेल्या घरी. हे ठरवण्यासाठी वाडीची बैठक बोलवा आणि ती बायकांना सोयीच्या वेळी, म्हणजे दुपारी जेवणे आटोपल्यावर ठेवा. त्या बैठकीला मला बोलावलेत तर मी नकाशाचा कोरा कागद घेऊन येईन.